हरकत नाही

१२ मार्च

ताई,

वर काय लिहावं यातच बराच वेळ गेला. साष्टांग नमस्काराने सुरुवात केली असती तर तू म्हणाली असतीस, कान्याला काहीतरी हवंय. म्हणून नुसतं 'ताई'. दोन वर्षांत तुला पत्र नाही, फोन नाही. सदनात रोज दिसायचीस, पण तू वर सदस्यांच्या बाकावर आणि मी खाली प्रतिवेदकांच्या टेबलाशी, मान खाली घालून तुम्हा सगळ्यांचं बोलणं उतरवणारा. त्यामुळे हात जरा अडखळतोय.

पेपरात तुझ्या दाराचा फोटो पाहिला. डांबर रॉकेलच्या बोळ्याने निघतं. खरवडू नकोस, खालचा रंग जातो. ते फासणारे लोक तुलाच मत दिलेले, हे वाचून वाईट वाटलं. अर्थात त्यांचंही खरं. तू त्यांना शब्द दिला होतास की या विधेयकाला 'नाही' म्हणेन, आणि छापील वृत्तांतात तुझ्या नावापुढे आलं 'हरकत नाही'. बाई फिरली, असंच त्यांना वाटणार. तरी राग आला म्हणून एकट्या बाईच्या दाराला डांबर फासायचं, ही कुठली रीत?

तू पत्रकारांना सांगितलंस की 'हरकत' हा शब्द तुझ्या तोंडातून निघालाच नाही. मी तुला खोटं म्हणत नाही. पण आवाजी मतदानाच्या वेळी काय गलका असतो ते तुला वरून कळत नाही, आम्हाला खाली कळतं. आम्ही पाळीपाळीने बसतो. ज्याची पाळी त्याचे कान, आणि कान कधी कधी दगा देतात. विधेयक मताला आलं तेव्हा पाळी माझी नव्हती. मी चहाला गेलो होतो. तुझ्या मनात भलतंसलतं येऊ नये म्हणून हे मुद्दाम लिहितोय.

आणि एक सांगू? एका 'नाही'ने काय अडणार होतं? यापुढे निवडणूक घ्यायची ती देशाच्या प्रमुखांना गरज वाटेल तेव्हाच, हा कायदा होणारच होता. सगळा देश एका बाजूला असताना आपण एकट्याने आडवा पाय घालून उभं राहायचं, ही तुझी लहानपणची खोड. जरा नमतं घे. तब्येतीला जप.

तुझा धाकटा भाऊ


२१ मार्च

ताई,

उत्तर नाही. ठीक आहे, मीही तुझाच भाऊ, हट्टाला मीही कमी नाही.

आज कार्यालयात कळलं की तुला विशेषाधिकार समितीची नोटीस निघाली. छापील वृत्तांत खोटा आहे असं जाहीर म्हणणं हा सदनाचा अपमान. सदस्यत्व जाईल ते जाईल, वर तुरुंग. ताई, तुला हात जोडतो, समितीपुढे वाद घालू नकोस. सांग की सर्दी झाली होती, पहिला शब्द घशातच राहिला, कुणाला ऐकू आला, कुणाला नाही आला. नाहीतरी त्या दिवशी तुझा आवाज घोगराच होता. एवढं म्हटलंस की त्यांचंही राहील आणि तुझंही राहील.

तू म्हणशील, कान्या पुन्हा तेच घेऊन बसला. बसलो. आई गेल्यानंतरच्या त्या जेवणात आपलं जे वाजलं ते मी विसरलेलो नाही. मी म्हटलं होतं की डॉक्टर काही रोग्यांची मतं मोजून औषध देत नाही. राज्य चालवणं हे जाणत्याचं काम आहे, रस्त्यावरच्या माणसाला त्यातलं काय कळतं? तू ताट तसंच ठेवलंस आणि म्हणालीस, "औषध डॉक्टर ठरवतो, पण कुठं दुखतंय ते रोग्यालाच विचारतो ना? आई तीन डॉक्टरांना सांगत होती, पाय नाही, पाठ दुखते. तू तिला गप्प बसवत होतास. तुला तिच्यापेक्षा जास्त कळत होतं." सगळ्यांसमोर म्हणालीस. मला ते लागलं, अजून लागतं. त्या आजारपणात धावपळ मी केली होती, तू नाही.

बरं, लोक फसतात हे तर तूही मान्य केलंस. जो गोड बोलेल त्याच्यामागे जातात, आज याला डोक्यावर घेतात, उद्या त्यालाच शिव्या घालतात. मग एकदाचा एक शहाणा, खंबीर माणूस बसवला आणि ही कटकट मिटवली तर बिघडलं कुठे? त्यावर तू जे बोललीस ते मी इथे लिहीत नाही. तुझं तुला आठवत असेल.

प्रमुखांचं म्हणणं साधं आहे आणि मला ते पटतं. देश म्हणजे एक शरीर. हाताने डोक्याशी हुज्जत घालायची नसते. तुझं त्यावरचं भाषण चांगलं झालं, हे कबूल करतो. "हात भाजला हे डोक्याला कळतं कारण हात ओरडतो. ज्या हाताला ओरडता येत नाही त्याला आपण शिस्तीचा हात म्हणत नाही, लुळा म्हणतो. तो जळून कोळसा झाला तरी डोकं हसतच राहील." उतरवताना माझी पेन्सिल मागे पडली, असं सहसा होत नाही. आणि तू खाली बसतेस न बसतेस तोच सभापतींनी विधेयक मताला टाकलं.

पण भाषण निराळं आणि संसार निराळा. आमच्याकडे बघ. लग्नाला इतकी वर्षं झाली, घरात वाद म्हणून नाही. मी सांगतो, तुझी भावजय 'बरं' म्हणते. घर कसं घड्याळासारखं चालतं. अख्खा देश असा चालला तर कुणाच्या पोटात दुखायचं कारण काय?

समितीपुढे सर्दीचं सांग. ऐक माझं.

तुझा भाऊ


२९ मार्च

ताई,

हे पत्र टपालाने पाठवत नाही. तुझ्या गावच्या बसचा वाहक तुझा जुना विद्यार्थी निघाला, त्याच्या हाती देतोय. आधीची दोन पत्रं मी तुला लिहिली तशी ती वाटेत उघडून वाचणाऱ्यालाही लिहिली होती. ताकाला जाऊन भांडं लपवलं.

तू वाचताच पकडलं असणार. तुझं भाषण मी उतरवलं, त्याच्यामागोमाग मतदान झालं, आणि मी म्हणे चहाला गेलो होतो. लहानपणीही मला धड खोटं बोलता यायचं नाही. पाळी माझीच होती. 'होय'चा मोठा गजर झाला. मग सभापतींनी विचारलं, प्रतिकूल? आणि तुझा सर्दीने बसलेला आवाज आला, 'नाही'. एकच शब्द, स्वच्छ. बहिणीचा आवाज मला ऐकू येणार नाही होय? मी तो टिपला आणि पाळी संपल्यावर तुझ्या नावापुढे टंकून दिला: नाही.

संध्याकाळी आमचे मुख्य प्रतिवेदक तो कागद घेऊन माझ्या खोलीत आले. त्यांच्या कपाळावर घाम होता. वाईट माणूस नव्हे ग, निवृत्तीला आलेला, भित्रा माणूस. सभापतींच्या दालनातून निरोप होता की वृत्तांतात 'एकमताने' यायला हवं. "शब्द खोडला तर खाडाखोड दिसते," ते म्हणाले, "आणि काढून टाकायचा तर तसा आदेश छापावा लागतो. करायचं काय?"

ते फक्त विचारत होते, ताई. मला कुणी धमकावलं नाही. माझ्या गळ्यावर कुणी सुरी ठेवली नव्हती. मी म्हणू शकलो असतो की करायचं काही नाही, आहे तसं जाऊ द्या. पण मला अडलेलं वाक्य सोडवायची सवय. मी म्हटलं, "खोडायचं कशाला? आधी एक शब्द घाला. सुटलेला शब्द भरणं आपलं रोजचंच." त्यांना कळेना. मी त्यांच्या हातातला कागद घेतला आणि 'नाही'च्या आधी 'हरकत' लिहून परत दिला.

त्यांनी वाचलं आणि हसायलाच लागले. म्हणाले, "वा रे पठ्ठ्या. तिचा शब्द तसाच्या तसा आणि काम फत्ते." मलाही हसू आलं. ते गेल्यावरही मी माझ्यावरच खूश होतो. त्यांच्या जागी पुढे माझं नाव जाणार आहे हे मला त्याच्या आधीपासून ठाऊक होतं, तेही लिहून टाकतो.

घरी येईपर्यंत मी स्वतःला पटवलं होतं की हे तुझ्यासाठी केलं. एकटी 'नाही' म्हणणारी म्हणून ते तुला गाठणार, त्यापेक्षा हे बरं. तू लोकांपुढे जाऊन 'मी असं म्हणालेच नाही' म्हणशील हे माझ्या डोक्यातच आलं नाही. खरं सांगायचं तर तुला काय वाटेल हा प्रश्नच मला पडला नाही. आईच्या वेळीही पडला नव्हता, तसाच. आता सदनात तू खोटारडी ठरलीस आणि लोकांत फितूर, दोन्हीकडून मार. आणि दोन्ही माझ्या एका शब्दाने. मला लाज वाटते. ऑफिसात कुणी मागून हाक मारली तरी दचकतो. चोराच्या मनात चांदणं.

मागच्या पत्रात जे लिहायचं टाळलं ते लिहितो. शहाणा माणूस एकदाचा बसवला तर काय बिघडलं, असं मी विचारलं तेव्हा तू म्हणालीस, "तो शहाणा आहे हे कुणी ठरवलं? तूच ना? म्हणजे तुझ्या मताने तो शहाणा ठरला, आणि बसल्यावर त्याचं पहिलं काम तुझं मत काढून घेण्याचं. उद्या तो बिघडला तर ते कुणाच्या मताने ठरवशील?" आणि असंही म्हणालीस, "लोक फसतात म्हणून तर त्यांना पुन्हा पुन्हा विचारायचं, कान्या. लोकशाही फार हुशार असते म्हणून मला ती हवीय असं नाही. ती चुकली तर तिला तोंडावर सांगता येतं, म्हणून हवीय." तेव्हा मी तुला पुस्तकी किडा म्हणालो आणि पानावरून उठलो. उत्तर नव्हतं म्हणून उठलो.

या दिवसांत मी एकच विचार करतोय. कायदा होणारच होता, मग तुझं एक 'नाही' त्यांना इतकं का सलत होतं? त्यांच्याकडे पोलीस आहेत, पेपर आहेत, सगळं आहे. मला वाटतं, तुझं 'नाही' छापलं गेलं असतं तर बाकीच्यांचं 'होय' हे नुसतं मत ठरलं असतं. आणि मत म्हटलं की ते चूक असू शकतं, बदलू शकतं, कुणी म्हणू शकतं की मलाही त्या बाईसारखंच वाटत होतं. 'नाही' म्हणायची सोयच ठेवली नाही की मग 'होय' म्हणजे काय? धाकाने निघालेला आवाज. त्याला संमती म्हणायचं ते कोणत्या तोंडाने? हे मी तुला शिकवतोय, म्हणजे कमालच झाली. तू कॉलेजात हेच शिकवत होतीस आणि मी त्याला तोंडाची वाफ म्हणत होतो.

तीन तारखेला समितीने मला साक्षीला बोलावलंय. तुझी पाळी दोन तारखेला आहे. मी सगळं खरं सांगणार आहे. तू फक्त तुझ्या म्हणण्यावर ठाम राहा, दुसऱ्या दिवशी मी येतोच.

कान्या


४ एप्रिल

ताई,

मी काल खरं सांगितलं नाही.

सगळं नीट पाठ करून गेलो होतो. समितीचे अध्यक्ष फार सभ्य माणूस, मला बसा म्हणाले, पाणी पुढे केलं. कोपऱ्यातल्या टेबलाशी आमच्यातलाच एक प्रतिवेदक पेन्सिल सरसावून बसलेला. मी तोंड उघडणार तेवढ्यात अध्यक्ष म्हणाले, "आधी हे ऐका," आणि तुझा आदल्या दिवशीचा जबाब वाचून दाखवला. 'वृत्तांत बरोबर आहे. मी हरकत नाही असंच म्हणाले. नंतर माझ्या लक्षात राहिलं नाही.'

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. मग त्यांनीच सांगितलं, अगदी कौतुकाने. सुरुवातीला तू ठाम होतीस. मग तू विचारलंस, वृत्तांत मुद्दाम बदलणाऱ्या प्रतिवेदकाला काय शिक्षा आहे? त्यांनी सांगितली. तू पाणी मागितलंस आणि हा जबाब दिलास. "भावाबहिणीचं प्रेम असं असावं," असं अध्यक्ष म्हणाले.

म्हणजे माझं पत्र तुला पोचलं होतं. मी खरं बोलणार हे तुला कळलं, म्हणून तू माझ्या आधी जाऊन खोटं बोललीस. जन्मात कधी दबून 'हो' म्हणाली नाहीस, ती माझ्यापायी म्हणालीस.

यानंतर मला काय वाटलं ते लिहायला नको वाटतं, पण लिहितो. मला सुटल्यासारखं वाटलं. छातीवरचा धोंडा उतरला. अध्यक्षांनी विचारलं, "मग वृत्तांत बरोबर आहे?" मी म्हटलं, "बरोबर आहे." साक्षीची प्रत वाचून सही करायला उद्या या म्हणाले. येताना मी शीळ घालत होतो. तू गेलीस खड्ड्यात आणि तुझा भाऊ रस्त्याने शीळ घालत होता.

घरी तुझी भावजय इस्त्री करत होती. मी तिला सगळं सांगितलं, पहिल्यापासून, 'हरकत' कुणी घातली तेसुद्धा. आणि म्हटलं, आता मिटलं, आता सगळं एका सुराला लागलं. मला वाटलं नेहमीसारखं 'बरं' म्हणेल. तिने इस्त्री उभी केली आणि म्हणाली, "मी ताईंकडे राहायला जाते."

मी म्हटलं, "आत्ता तिकडे जाणं बरं दिसत नाही. चार दिवस जाऊ देत."

"नाही," ती म्हणाली. "उद्याच जाते."

मला राग नाही आला ग, मला कळेचना. मी विचारलं, "आजवर तू माझ्या शब्दाबाहेर गेली नाहीस. आज काय झालं?"

"तुम्ही विचारलंत कधी?" तिने शांतपणे एक बाही सरळ केली. "तुम्ही सांगायचात, मी बरं म्हणायचे. बरं म्हणजे ऐकू आलं. पटलं, असं मी कधी म्हटलंय का?"

ती मग एकेक सांगत गेली. मुलीला त्या शाळेत घालायला नको होतं. आईंना शेवटी दवाखान्यात न्यायला नको होतं, त्यांना घरी राहायचं होतं आणि त्यांनी ते हिला सांगितलं होतं. ताईंशी तोडायला नको होतं. इतक्या वर्षांची यादी, कपडे घड्या करता करता. आवाज चढला नाही. मी तुला फुशारकीने लिहिलं होतं, आमच्या घरात वाद म्हणून नाही. वाद नव्हता हे खरं. एक बोलणारा आणि एक गप्प केलेला असल्यावर वाद व्हायचा कुणाशी? बाहेरच्या प्रमुखांबद्दल मी हा विचार करायला लागलो होतो, घरातल्याबद्दल करायचा राहिला होता.

आज सकाळी सहीला गेलो. प्रत वाचली. अध्यक्षांनी रिवाजाप्रमाणे विचारलं, "काही दुरुस्ती?" आणि पेनाचं टोपण काढून माझ्यापुढे धरलं.

मी म्हटलं, "आहे. वृत्तांत बरोबर आहे का, या प्रश्नाचं उत्तर 'नाही' असं करा."

ते म्हणाले, "तुमच्या बहिणीने स्वतः कबूल केलंय."

"तिने काय कबूल केलं ते तिचं," मी म्हटलं. "मी माझ्या कानाचं सांगतो. मी 'नाही' ऐकलं. 'हरकत' मी माझ्या हाताने लिहिलं, मला कुणी सांगितलं नव्हतं."

कोपऱ्यातल्या प्रतिवेदकाची पेन्सिल थांबली. त्याने अध्यक्षांकडे पाहिलं. अध्यक्षांनी पेनाला टोपण लावलं. मग त्याने माझ्याकडे पाहिलं, आणि मी त्याला म्हटलं, "लिही बाबा, तुझी पाळी आहे." त्याने लिहिलं की नाही ते मला बसल्या जागेवरून दिसलं नाही. पण खोलीतल्या सगळ्यांनी ऐकलं, एवढं नक्की.

उद्या सकाळी हजर व्हायला सांगितलंय, बरोबर कपडे घेऊन. तुझी भावजय हे पत्र आणतेय, ती आता तुझ्याकडेच राहील. मी तिला जा म्हणालो नाही, तिने ठरवलंय.

ताई, मी काही मोठं केलं असं समजू नकोस. बाहेर पडल्यावर पायऱ्यांवरच माझ्या लक्षात आलं की मी काय करून बसलो. आधी तुझ्या 'नाही'चं मी 'हो' केलं. आज तुझ्या 'हो'चं 'नाही' केलं. तू मला वाचवायचं ठरवलं होतंस, तो तुझा निर्णय होता, आणि मी तो मोडला. आता त्यांनी तुलाही खोट्या साक्षीबद्दल पुन्हा बोलावलं तर ते माझ्यामुळे. दोन्ही वेळा तुला विचारलं नाही. खरं सांगायलाच हवं होतं असं मला वाटतं, पण मला काय, मला नेहमीच बरोबर वाटत आलंय.

भेटायला परवानगी मिळाली तर ये. चुकलो असेन तर तोंडावर सांग. मी मध्ये बोलणार नाही.

कान्या